ज्या लेखाचा आज गौरव होतो आहे, त्याबद्दल

अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, उद्यापासून या विभागाची सूत्रं हाती घेणाऱ्या नव्या विभागप्रमुख बाई, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे तुमचे सर आणि आमच्या घरचे भावोजी, समोर बसलेले प्राध्यापक, विद्यार्थी, प्रयोगशाळेतली मंडळी, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे दाराशी उभे राहून ऐकणारे सगळे,

मला बोलायला बोलावलंत, आभारी आहे. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने मघाशी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "काकू, दोनच शब्द हं. आणि गोड बोला, सरांचा निरोप आहे." दोन शब्दांत बसेल असं माझ्याकडे काही नाही, बाळ. आणि गोडाचं म्हणशील तर सुरुवात तरी गोड करते.

भावोजींचे माझ्यावर उपकार आहेत. माझे यजमान याच इमारतीत, जिन्याखालच्या त्या खोलीत, जिथे शीतकपाटाची मोटर दिवसभर घुरघुरत असते, तिथे आयुष्यभर काम करत होते. ते आजारी पडले तेव्हा रुग्णालयात खाट मिळवून दिली ती भावोजींनी. मी घरी जाऊन आंघोळ करून येईपर्यंत उशाशी बसायचे तेही भावोजी. मी परत आले की हे दोघे खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर भांडत असायचे, आणि परिचारिका दोघांनाही दम देत असायची. असा मित्र सगळ्यांना मिळत नाही. हे मी आधी बोलून घेते, कारण पुढे जे बोलणार आहे त्यामुळे कुणाला वाटायला नको, की बाई सगळं विसरली.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावाची ओळ आहे ती अशी: विभागाच्या जर्नलमधला सर्वाधिक सायटेशन मिळालेला लेख म्हणून माझ्या यजमानांच्या लेखाचा गौरव, सन्मानचिन्ह त्यांच्या पत्नी स्वीकारतील. चिन्ह तिथे टेबलावर ठेवलेलं आहे. सुंदर आहे. कुणीतरी मनापासून निवडलेलं दिसतं.

तर त्या लेखाबद्दल बोलायचं आहे.

आधी सांगते, मी शिकलेली बाई नाही. शाळा मध्येच सुटली. पुढचं जे काही वाचलं ते आपलं आपण, काही वाचनालयातून आणि काही ह्यांच्या टेबलावरून. लेख लिहून झाला की हे मला वाचून दाखवायचे. म्हणायचे, "तुला कळलं म्हणजे कुणालाही कळेल."

मी म्हणायचे, "म्हणजे मी ढ, असंच ना?"

"नाही गं. तू मध्येच थांबवतेस. बाकीचे नुसते मान डोलावतात."

तर मी त्यांच्या तोंडून हा लेख ऐकला होता. औषधं गार ठेवून न्यायच्या डब्याचा. जिथे वीज नसते तिथे लशी, इंजेक्शनं अशा डब्यातून नेतात. डब्याच्या भिंतींना बर्फाच्या लाद्या लावतात, मध्ये बाटल्या ठेवतात. ह्यांनी स्वस्तातला डबा बनवला, मोजमाप घेतलं आणि लिहिलं, की भर उन्हाळ्यातही हा डबा पूर्ण दिवस गार राहतो. लेख छापून आला. कौतुक झालं. त्या दिवशी घरी आले ते जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढत.

पुढे आजारपण आलं आणि ह्यांचीच इंजेक्शनं आमच्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवायची वेळ आली. एकदा एक बाटली घसरून मागच्या भिंतीला टेकली आणि पार गोठली. पुढच्या बाटल्या होत्या तशाच. हे फ्रीजचं दार उघडं धरून उभेच. मी म्हटलं, "अहो, दार लावा, दूध नासेल." तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अगं, मी काटा कुठे लावला होता?"

मला काही कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. डब्याच्या प्रयोगात तापमापकाची तार, तिलाच हे काटा म्हणायचे, त्यांनी भिंतीलगत, बर्फाच्या लादीच्या शेजारी चिकटवली होती. तिथे ती नीट बसायची, हलायची नाही, म्हणून. त्यामुळे झालं काय, तर त्यांनी बर्फ किती वेळ गार राहतो ते मोजलं. औषध किती वेळ गार राहतं ते मोजलंच नाही.

त्या अंगात ताकद नसलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी मला रिक्षा आणायला लावली. मी त्यांचा हात धरून त्यांना त्या खोलीत आणलं. डबा फळीवरून काढला, बर्फ भरला, तार मध्ये बाटल्यांच्या गर्दीत ठेवली. दुपार झाली तोवर डब्यातली थंडी गेलेली होती. पूर्ण दिवस कुठला, अर्धाच.

मला वाटलं, आता हे खचणार. पण चेहरा बघायला हवा होता त्यांचा! "सापडली," म्हणाले, जसं काही घराची किल्लीच सापडली. येताना वाटेत मला दुरुस्तीचा मजकूर तोंडी सांगत होते, आणि रिक्षावाला आरशातून बघत होता की हा माणूस आजारी आहे की लग्नाला निघालाय.

भावोजी, त्यानंतरच्या रविवारी तुम्ही आमच्याकडे आलात. तुम्ही विभागप्रमुख, जर्नलचे संपादकही तुम्हीच. मी चहा घेऊन आले तेव्हा हे म्हणत होते, "दुरुस्ती लिहून ठेवलीय. पुढच्या अंकात छापून टाक."

तुम्ही म्हणालात, "छापू की. घाई काय आहे? आधी बरा हो."

"माझ्या बरं होण्याचा आणि ह्याचा काय संबंध?"

"अरे, विभागाचं मूल्यांकन तोंडावर आलंय. आपल्या जर्नलचा सगळ्यात जास्त सायटेशनचा लेख तुझा. त्याच्यावर आपले बाकीचे लेख उभे. तो काढला की पत्त्यांचा बंगला. आणि आपल्या विभागातल्या त्या दोघा पोरांच्या नोकऱ्या अजून कायम झालेल्या नाहीत, हे तुला ठाऊक आहे ना?"

"आणि डबा?"

"डब्याला काय धाड भरलीय! वापरतं कोण तो?"

तेव्हा मीच मध्ये तोंड घातलं होतं. म्हटलं, "भावोजी, इथे म्हणता वापरतं कोण, आणि मूल्यांकनात तर लिहाल, की सगळे वापरतात."

तुम्ही हसलात. म्हणालात, "वहिनी, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." आणि जाताना दारात चपला घालता घालता ह्यांना शब्द दिलात: "हे मूल्यांकन होऊ दे. त्याच्या पुढच्या अंकात नक्की."

मला तुमचा युक्तिवाद अगदीच पोकळ वाटला नव्हता. घर चालवलेल्या बाईला कळतं, पोरांच्या नोकऱ्या म्हणजे काय. ह्यांनाही तो पटला नाही तरी त्यांनी मानला. मित्राचा शब्द होता.

मूल्यांकन झालं. विभागाला वरची श्रेणी मिळाली. पुढचा अंक निघायच्या आत हे गेले.

त्या अंकात ह्यांचा फोटो होता, काळ्या चौकटीतला, आणि भावोजींनी लिहिलेला मजकूर. मी तो वाचून रडले, खोटं कशाला सांगू. इतकं चांगलं ह्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं नसतं. पण त्यात एक वाक्य होतं, की डब्यावरचं त्यांचं संशोधन आजही अढळ उभं आहे. आणि दुरुस्ती? ती कुठल्याच पानावर नव्हती. मी पान उलटून उलटून पाहिलं. वाटलं, दोन पानं एकमेकांना चिकटली असतील.

काही महिन्यांनी मी फोन केला. भावोजी म्हणाले, "वहिनी, आता अडचण अशी आहे, की दुरुस्तीला लेखकाची सही लागते. नियम आहे. आणि लेखक तर आता…" मी फोन ठेवला.

आता जरा वेगळं सांगते, कारण पाहुण्यांमध्ये काही जण या क्षेत्राबाहेरचे आहेत आणि सायटेशन म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसेल. संशोधनाचा लेख लिहिताना आपण आधी कुणाकुणाच्या कामाचा आधार घेतला, ते शेवटी लिहायचं असतं. ज्याचं नाव लिहिलं त्याच्या खात्यात एक भर. अशी भर जितकी जास्त, तितका तो विद्वान मोठा, त्याचा विभाग मोठा, त्याचं जर्नल मोठं. बढती त्यावर, प्रकल्प त्यावर, परदेशची आमंत्रणं त्यावर. आणि आपण आपलंच नाव लिहिलं तरी भर पडतेच. यंत्राला काय, ते मोजतं. कुणी लिहिलं हे विचारत नाही.

स्वतःचं नाव लिहिणं हा गुन्हा नव्हे. हे स्वतःच मला सांगायचे, की कामाची पुढची पायरी दाखवायची तर मागची दाखवावीच लागते. ते खरंच आहे. मी त्याबद्दल बोलत नाही.

मी बोलतेय ते ह्यांच्या ईमेलबद्दल. ते मी बंद केलेलं नाही. त्यात अधूनमधून एक संदेश यायचा, की तुमच्या लेखाचा कुणीतरी उल्लेख केला आहे. ह्यांचं नाव वर, अभिनंदन खाली. तो आला की माझा दिवस बरा जायचा. मी वन्संना फोन करायचे. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्या विचारायच्या, "अजून वाचतात का गं लोक त्याला?" मी म्हणायचे, "वाचतात तर! परवाच कुणीतरी वाचलं." आम्ही दोघी त्या कुणीतरीबद्दल बोलत बसायचो. कुठे राहत असेल, पुरुष असेल की बाई. वन्संना वाटायचं एखादा तरुण डॉक्टर असेल, लांब कुठेतरी, चांगल्या मनाचा.

मग एकदा मला वाटलं, बघावं तरी कोण आहे हा. शब्दकोश घेऊन बसले आणि ते लेख एकेक उघडले.

हाच विभाग. हेच जर्नल. याच पॅसेजमधल्या खोल्या. ज्यांना मी घरी चहा दिला, त्यांचीच नावं. एका लेखात नाव याचं पुढे आणि त्याचं मागे, दुसऱ्यात त्याचं पुढे आणि याचं मागे. आणि प्रत्येकात तेच एक वाक्य उचलून ठेवलेलं: पूर्वीच्या संशोधनाने सिद्ध झाल्याप्रमाणे असा डबा पूर्ण दिवस गार राहतो. एक लेख होता छपराला द्यायच्या रंगावर. त्यातही ह्यांचा डबा! मी इथल्याच एका विद्यार्थ्याला विचारलं, की बाबा, छपराचा आणि औषधाचा काय संबंध? तो म्हणाला, "काकू, दोन्हींवर ऊन पडतं ना."

हसताय, हसा. मीही हसले होते. मग त्या संध्याकाळी वन्संचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, तुझा तो डॉक्टर काय म्हणतो? तेव्हा हसू आलं नाही.

चीड मला कशाची आली ते सांगते. मला वाटत होतं, जग माझ्या माणसाची आठवण काढतंय. आठवण कुणी काढत नव्हतं, त्याला वापरत होते. आणि वापरत होते ते त्याचं नेमकं तेवढंच काम, जे त्याला मागे घ्यायचं होतं. ह्यांनी चांगले लेख कितीतरी लिहिले. त्यांचं नाव कुणी घेत नाही. कारण पहिला आकडा ज्याचा फुगला, तोच आणखी फुगवायला सोपा.

बरं, इतक्या लेखांत एकाला तरी वाटलं का, की एकदा डबा उघडून बघू? डबा तर तिथेच फळीवर आहे. बर्फ इथे मिळतो. काटा इथे आहे. एकाने लिहिलं म्हणून दुसऱ्याने लिहिलं, दुसऱ्याने लिहिलं म्हणून पहिल्याने पुन्हा लिहिलं, आणि दर खेपेला ते जास्तच खरं होत गेलं. टाळ्याही आपणच वाजवायच्या आणि मोजायच्याही आपणच. बाहेरून कुणी बिचारा लेख पाठवतो, तर त्यालाही इथून कळवतात, की आमच्या जर्नलमधले अमुक लेख तुमच्या संदर्भांत दिसले नाहीत. त्याने काय समजायचं? तो मुकाट्याने घालतो. त्याला लेख छापून हवा असतो.

भावोजी, तुम्ही त्या रविवारी विचारलं होतंत, डबा वापरतं कोण. मी सांगते.

मी माझ्या गुडघ्यासाठी दवाखान्यात जाते. तिथे गेल्या उन्हाळ्यात एका परिचारिकेच्या खांद्याला तो डबा दिसला. तसाच, फक्त रंग निळा. तिला लांबच्या वस्तीवर बाळांना लशी द्यायला जायचं होतं. डब्यावर कारखान्याने चिठ्ठी चिकटवलेली होती: पूर्ण दिवस गार, संशोधनाने सिद्ध. मी तिला विचारलं, "पोचेपर्यंत गार राहतो का गं?"

ती म्हणाली, "राहतो ना ताई. छापलंय की वर."

"तू कधी उघडून हात लावून बघितलंस?"

"उघडायचा नसतो हो मध्येच. थंडी जाते." आणि गेली बिचारी घाईघाईने.

मी तिला काय सांगायला हवं होतं? की छापलंय ते माझ्या नवऱ्याने छापलंय, आणि त्यानेच ते खोडलंय, पण खोडलेलं छापायला सही लागते? त्या दिवशी संध्याकाळ होईपर्यंत ती बाई लशी टोचत राहिली असेल. त्यातल्या किती कामाच्या उरल्या होत्या, मला माहीत नाही. इथे कुणालाच माहीत नाही. ज्यांच्या दंडाला सुई लागली त्या बाळांना तर नाहीच नाही.

गेल्या महिन्यात भावोजी निमंत्रण घेऊन घरी आले. तीच खुर्ची, तोच चहा. म्हणाले, "वहिनी, निवृत्तीच्या आधी त्याच्यासाठी काहीतरी करायचं मनात होतं. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात त्याचा गौरव करतोय. गौरवांकात तो लेख पुन्हा छापतोय."

मी विचारलं, "कुठला?"

"डब्याचा. दुसरा कुठला?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. आणि तुम्हाला सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याचीच मला जास्त भीती वाटली. इतक्या वेळा ते वाक्य छापलं होतं, की छापणाऱ्यालाच ते खरं वाटू लागलं होतं. मी म्हटलं, "भावोजी, दुरुस्तीला सही लागते म्हणाला होतात. लेख पुन्हा छापायला लागत नाही का? गौरवाला लागत नाही?" त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "वहिनी, आता जाताना कशाला ते?"

वन्संना विचारलं. त्या म्हणाल्या, "घे गं ते चिन्ह. नाव तरी राहील त्याचं." मी म्हटलं, "वन्सं, कशावर राहील ते बघा ना." मग म्हणाल्या, "जा आणि बोल. पण भांडू नकोस, त्याने खाट मिळवून दिली होती."

मी भांडत नाहीये, वन्सं. मागतेय.

नव्या विभागप्रमुख बाई, उद्यापासून ही खुर्ची तुमची. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. ह्यांच्याही ठेवू नका, ते तर चुकणारे होतेच, त्यांनी स्वतःच सांगितलंय. उद्या सकाळी तो डबा फळीवरून काढा. बर्फ भरा. तार मध्ये ठेवा, बाटल्यांच्या मधोमध. आणि दुपारी बघा. माझं खोटं निघालं तर लेख खुशाल छापा, मी येऊन चिन्हही घेऊन जाईन. खरं निघालं, तर गौरवांक अजून छापखान्यातच आहे. पहिल्या पानावर दुरुस्ती, आणि डबा बनवणाऱ्या कारखान्याला पत्र. ह्यांची सही मिळणार नाही. माझी चालत असेल तर आत्ता इथे करते.

भावोजी, तुम्ही मान हलवताय. होकाराची आहे की कसली, मला इथून दिसत नाही. पण हा कार्यक्रम संपेपर्यंत संपादक तुम्हीच आहात. हे काम नव्या बाईंच्या गळ्यात टाकून जाऊ नका. शब्द त्यांनी दिला नव्हता, तुम्ही दिला होता. तुमच्या हातून ती दुरुस्ती छापली गेली, तर तुमचा आकडा खाली येईल, विभागाचाही येईल, आणि समोर बसलेल्या या मुलांना त्याचा त्रासही होईल. ते मला कळतं. मुलांनो, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला इथे जे वाक्य हातात दिलं गेलं ते तुम्ही पुढे दिलंत. पण तुमच्यातला कुणी उद्या सकाळी डब्याशी जाऊन उभा राहिला, तर ह्यांना पहिल्यांदा खरा वाचक मिळेल.

तोवर ते चिन्ह टेबलावरच असू दे. त्याचा अपमान करायचा नाही मला. ज्याने निवडलं त्याचे आभार. भावोजींना निवृत्तीच्या शुभेच्छा देते, आणि रुग्णालयातल्या त्या सगळ्या दिवसांसाठी पुन्हा एकदा हात जोडते. अध्यक्षमहोदय, मी दोन शब्दांच्या पुष्कळ पुढे गेले, तुम्ही घंटा वाजवली नाहीत, तुमचेही आभार. माइकवाल्यांनी आवाज बारीक केला नाही, त्यांचे तर खासच.

आता शेवटी वक्त्याने म्हणायचं असतं, की बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. मी तसं म्हणणार नाही. इथे आधीच फार काही पोटात घातलं गेलं आहे. माझं काही चुकलं असेल तर इथेच, सगळ्यांच्या समोर, उभे राहून मला सांगा. मी अजून माइकपाशीच आहे. जे चुकलं असेल ते याच माइकवरून, याच आवाजात, मागे घेते.